डिसेंबरअखेर नागपूरला येतोय, वाघ सोडून काय काय बघावं?

मुठाकाठची (पुणे)

नमस्कार. मुलांना नाताळची सुट्टी आहे तेव्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरला यायचं जवळजवळ नक्की झालंय. चार-पाच दिवस हातात आहेत. आम्ही दोघं, सासूबाई (६८ वर्षांच्या, गुडघे कुरकुरतात पण फिरायची हौस दांडगी), मुलगी आठवीत आणि मुलगा तिसरीत. ओळखीत जो कोणी नागपूरला जाऊन आलाय त्याने एअरपोर्टवरून सरळ जंगलाची गाडी पकडली आणि तशीच परतीची, त्यामुळे शहराबद्दल विचारलं की कोणालाच धड काही सांगता येत नाही. एवढं मोठं शहर, एकेकाळी राजधानी होतं, तिथे बघण्यासारखं काहीच नसेल हे मला पटत नाही.

सासूबाईंना रामटेक आणि सेवाग्राम करायचंय, आणि त्यांचे वडील भूदान यात्रेत विनोबांबरोबर चालले होते म्हणून पवनारही. मुलाला वाघ. नवऱ्याला सावजी जेवण. मला जुन्या गल्ल्या, वाडे, बाजार असलं पायी फिरून बघायला आवडतं. थंडी कितपत असते, स्वेटर पुरतो की जॅकेट लागेल? राहायला कुठला भाग बरा? आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी, तिखट अजिबात सोसत नाही, त्यांच्या जेवणाचं कसं करायचं? सविस्तर सांगितलंत तर फार बरं होईल.

धंतोली_जुना

ताई, आधी मनापासून स्वागत. लोक उतरतात अन् सरळ जंगलाकडे निघून जातात हे आम्ही वर्षानुवर्षं पाहून राहिलो, त्यामुळे कोणी शहराबद्दल विचारलं की खरंच बरं वाटते. माझं म्हणणं एवढंच की पहिले दोन दिवस शहराला द्या, जंगल त्याच्यानंतर.

थंडीचं आधी सांगतो कारण पुण्याची मंडळी हमखास पुण्याच्या हिशोबाने कपडे आणतात. डिसेंबरअखेर म्हणजे आमच्याकडची सगळ्यात छान वेळ, दुपारी सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास असते, ऊन अंगावर घ्यावंसं वाटते, पण सूर्य मावळला की पारा भराभर खाली येते आणि पहाटे दहाच्या खाली जाणं काही नवल नाही. २९ डिसेंबर २०१८ ला तर ३.५ पर्यंत गेला होता. आणि याच गावात २३ मे २०१३ ला ४७.९ होतं. दोन्हीकडचा समुद्र लांब, त्यामुळे ऊन असो का थंडी, अडवायला मधे काहीच नाही. म्हणून शहरात फिरताना स्वेटर-मफलर पुरते, पण उघड्या जिप्सीत पहाटे बसायचं असेल तर पाचही जणांना जॅकेट, कानटोपी, हातमोजे पाहिजेतच. हवा कोरडी आहे, सासूबाईंच्या टाचा-ओठांसाठी काहीतरी लावायला ठेवा आणि तहान लागली नाही तरी पाणी पीत राहा.

राहायला बर्डी, रामदासपेठ किंवा धंतोली पाहा. बर्डी म्हणजे सीताबर्डी, मेट्रोच्या दोन्ही लाइन तिथे मिळतात, ऑरेंज खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत अन् अॅक्वा लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, सासूबाईंना लिफ्ट आहे, स्टेशनं स्वच्छ आहेत, रिक्षावाल्याशी घासाघीस करायचं काम नाही. एक लक्षात ठेवा, डिसेंबरमधे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असते, तेव्हा आमदार, अधिकारी, मोर्चे, पोलीस सगळंच येते, हॉटेलं भरतात, बर्डीचे रस्ते बंद होतात. बहुतेक वेळा नाताळाच्या आधी संपते पण बुकिंग करताना त्या वर्षीच्या तारखा पाहून घ्या.

आता शहर. हे गाव वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, १७०२ मधे. मग भोसले आले, मग इंग्रज, मग आम्ही मध्य प्रांताची राजधानी झालो, १९५६ नंतर ती राजधानी गेली अन् मुंबईशी जोडलं गेलो. हे थर तुम्हाला चालता चालता दिसतात. सिव्हिल लाइन्समधे अजब बंगला आहे, म्हणजे सेंट्रल म्युझियम, १८६३ चं, तिथला गोंड-आदिवासी विभाग अन् जुनी नाणी, शिलालेख आरामात पाहा. जवळच झिरो माइल, इंग्रजांच्या सर्व्हेच्या काळातला दगडी खांब अन् चार घोडे, पाच मिनिटांचं काम आहे पण मुलांना फोटोला आवडते. सीताबर्डीच्या किल्ल्यावर नोव्हेंबर १८१७ मधे आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची अन् इंग्रजांची लढाई झाली, त्यानंतर नागपूरचं राज्य खऱ्या अर्थानं उरलंच नाही. पण किल्ला सैन्याकडे आहे, २६ जानेवारी, १ मे अन् १५ ऑगस्ट सोडून आत जाता येत नाही, त्यामुळे तिकडे रिक्षा करून जाऊ नका, खालूनच दिसते.

लहान्यासाठी रमण विज्ञान केंद्र, गांधीसागर तलावाजवळ, अर्धा दिवस सहज जातो. गोरेवाड्याला सफारी आहे, तिथे बिबटे-अस्वलं बंद आवारात मोकळी दिसतात, जंगलात वाघ नाही दिसला तर मुलाची समजूत घालायला कामी येते. अन् मेट्रोनं कामठी रोडकडे जाल तेव्हा गड्डीगोदामला खाली पाहायला सांगा, सगळ्यात खाली रस्ता, त्याच्यावर रेल्वे, त्याच्यावर उड्डाणपूल अन् त्याच्यावर आपली मेट्रो.

संध्याकाळी फुटाळा तलाव. गर्दी असते तिथे, मका, कॉफी, पोरं-पोरी. सूर्यास्त चांगला दिसतो.

दीक्षाभूमीचं कोणीतरी नीट लिहा, माझं आधीच फार लांबलं.

बुधवारी_बाजार

दीक्षाभूमीचं मी लिहितो.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे लाखो लोकांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. माझे आजोबा त्या मैदानात होते, त्यामुळे आमच्या घरी ही जागा म्हणजे पर्यटनस्थळ नाही, घरच्या माणसाकडे जावं तसं आम्ही जातो. ताई तुम्ही सकाळी लवकर जा, आठच्या सुमारास, तेव्हा शांत असते. स्तूप सांचीच्या धर्तीवर बांधलाय पण आतून पोकळ आहे, खाली सभागृह अन् वर घुमट, आत हळू बोललेलंही ऐकू येते म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवा. बाहेरच्या बोधिवृक्षाखाली बसायला जागा आहे, श्रीलंकेच्या अनुराधापुराहून आणलेली फांदी आहे ती. चपला काढून आत जायचं, बाकी काही नियम नाही, कोणीही या.

वेळ असेल तर काटोल रोडवर चिचोलीला शांतिवन आहे, तिथे बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत, टाइपरायटर, कोट, टोप्या. काचेमागचा तो टाइपरायटर बघितल्यावर आठवीतली मुलगी संविधानाच्या धड्यात नसलेले चार प्रश्न विचारेल एवढं नक्की. आणि कामठीला ड्रॅगन पॅलेस, जपानी मदतीनं १९९९ मधे झालेलं बुद्ध विहार, बगीचा मोठा आहे, सासूबाईंना बसायला बरं.

खरं म्हणजे दसऱ्याला एकदा या. त्या दोन-तीन दिवसांत देशभरातून लोक येतात, ट्रेनने, ट्रकने, पायी, रस्त्यावर गावोगावच्या संस्था मोफत जेवण वाटत असतात. आणि पुस्तकांचे स्टॉल. फूटपाथवर रांगेनं पुस्तकं, मजूर बाया दोन-दोन, तीन-तीन पुस्तकं पदरात बांधून नेतात. पुस्तकासाठी एवढी रांग मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. राहायची सोय त्या वेळी आधी करावी लागते आणि गाडी घेऊन जवळ जाता येत नाही, एवढीच अडचण.

महालची_पोर

जुन्या गल्ल्यांचं विचारलंत म्हणून धावत आले 🙂

महाल आणि इतवारी हे खरं जुनं नागपूर, तिथे गाडी नेऊच नका, गांधी गेटला उतरा आणि चालत सुटा. भोसल्यांचा वाडा, रुक्मिणीचं देऊळ, लाकडी खांबांचे जुने वाडे अजून थोडे उरलेत, दरवर्षी एखादा पडून तिथे फ्लॅट होतात तेव्हा जेवढं आहे तेवढं बघून घ्या. इतवारीत सराफा, किराणा ओळ, भांडे ओळ, प्रत्येक मालाची वेगळी गल्ली, मिरचीच्या ओळीत शिरलात तर शिंका आल्याशिवाय बाहेर पडणार नाही. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, मधल्या वारी या.

खाण्याचं सांगते. सकाळी तर्री पोहे, आणि ते हॉटेलात बसून नाही, ठेल्यावर उभं राहून. पोहे वाफेवर गरम ठेवलेले असतात, त्याच्यावर हरभऱ्याची लालभडक पातळ तर्री, वरून कच्चा कांदा, शेव, लिंबू. तर्री वेगळ्या वाटीत मागता येते म्हणजे सासूबाई कोरडे पोहे खाऊ शकतात, लाजू नका, सगळे मागतात. दुपारी वडाभात मिळाला तर सोडू नका. मिश्र डाळी भिजवून भरडसर वाटून त्याचे वडे तळतात, गरम भातावर ते कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीची तेलाची फोडणी चर्रकन, सोबत कढी. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हेच असतं. तिखट नसतं, फोडणीतली मिरची बाजूला काढली की झालं. सांबारवडी थंडीतच खावी कारण कोवळ्या कोथिंबिरीच्या जुड्या तेव्हाच बाजारात येतात, पातळ पारीत भरगच्च सारण, आंबट-गोड. पाटोडी रस्सा मात्र सासूबाईंना नको, तो झणझणीत असतो.

लांब रोटी बघायला तरी नक्की जा. मडकं चुलीवर उलटं ठेवतात आणि बाई पाण्यासारखी सैल कणीक हाताच्या कोपरापर्यंत खेळवत खेळवत एवढी पातळ करते की पलीकडचं दिसतं, मग एका झटक्यात मडक्यावर. खाताना रुमालासारखी घडी घालून देतात. माझी मावशी करते, मला अजून जमलेलं नाही आणि शिकायची फार इच्छा आहे.

संत्री! आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात, डिसेंबरअखेर अजून मिळतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमधे येतात. साल किंचित हिरवट असली म्हणून आंबट असं समजू नका, हातात घेऊन बघा, वजनदार पाहिजे आणि साल सैल पाहिजे, नागपुरी संत्र्याची साल सैलच असते. चकचकीत मेणासारखी दिसणारी घेऊ नका. पुण्याला न्यायची तर जाळीच्या पिशवीत न्या, प्लास्टिकमधे दोन दिवसांत बुरशी येते. घाऊक बाजार कळमन्याला भरतो, पहाटे उठायची तयारी असेल तर नवऱ्याला पाठवा, बाकी काटोल रोडला शेतकरी स्वतः रस्त्याच्या कडेला विकायला बसतात, त्यांच्याकडून घ्या. संत्रा बर्फी तर घ्यालच.

मुठाकाठची (पुणे)

बापरे, एवढं सगळं! खूप खूप आभार, वहीत उतरवून घेतेय आणि सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवतेय. वडाभाताचं ऐकून त्या म्हणाल्या पहिल्या दिवशी तोच.

सावजीचं कोणी सांगितलं नाही. आणि रामटेक, पेंच, सेवाग्राम यांची दिशा एकच आहे का? मॅपवर बघून गोंधळ झाला. पुण्याहून यायला ट्रेन की गाडी? समृद्धीवरून नवऱ्याला गाडी चालवायची फार इच्छा आहे.

सिल्लारी_फाटा

मॅडम, दिशा उलट्या आहेत. रामटेक, मनसर, पेंच हे उत्तरेला जबलपूर रोडवर, सेवाग्राम-पवनार दक्षिणेला वर्धा रोडवर. एका दिवसात दोन्ही करायला जाल तर दिवसभर गाडीतच बसाल.

माझं काम जंगलाशी संबंधित आहे म्हणून पेंचचं सांगतो. तुम्हाला ताडोबापेक्षा पेंच सोयीचं. ताडोबा नागपूरपासून दीडशे किलोमीटरच्या घरात, पेंचचं सिल्लारी गेट सत्तर, आणि वाटेतच मनसर अन् तिथून आत रामटेक. नाताळच्या आठवड्यात सफारी बऱ्याच आधी भरतात, आत्ताच ऑनलाइन बुक करा, सगळ्यांची ओळखपत्रं लागतात, ज्याच्या नावावर बुकिंग त्यानं तेच ओळखपत्र गेटवर दाखवायचं. सिल्लारी नाही मिळालं तर खुर्सापार, चोरबाहुली पाहा, तेही नाही तर उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य, ते नागपूरहून जवळ आहे. ताडोब्याला जाणाऱ्यांसाठी, मंगळवारी बंद असतं.

वाघाचं खरं ते सांगतो, डिसेंबरमधे गवत उंच असते अन् पाणी जागोजागी, जनावराला एका पाणवठ्यावर यायची गरज नसते, त्यामुळे उन्हाळ्याइतका दिसत नाही. मुलाला आधीच सांगा. पण मोराच्या ओरडण्यावर अन् सांबराच्या कॉलवर, म्हणजे धोक्याच्या हाकेवर, गाइड गाडी बंद करतो ना, तेव्हा सगळे श्वास रोखून बसतात, ते दहा मिनिटं मुलाच्या लक्षात राहतील. चितळाचा कॉल अन् माकडाचा कॉल दोन्ही एकाच बाजूनं यायला लागले की समजायचं काहीतरी हलतंय. सागाचं वाळलेलं पान पडल्याचा आवाजही वाघ चालल्यासारखा येतो. रानगवे, रानकुत्री, हिवाळी पक्षी, दुर्बीण असेल तर आणा. मोबाइल खिशात ठेवा.

आणखी एक, पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळालाय २०२४ मधे, देशात पहिला. मुक्काम गेटजवळच्या गावात केला तर रात्री जेवण झाल्यावर अंगणातले दिवे बंद करायला सांगा, मालक लोकांना सवय आहे. डिसेंबरचं आभाळ कोरडं, मृग नक्षत्र डोक्यावर, मुलीला तारे ओळखायला शिकवा. म्हणून रात्र तिकडेच काढा, संध्याकाळी नागपूरला परत पळू नका.

रामटेकचा क्रम असा ठेवा, नागपूरहून सकाळी निघून आधी मनसर, तिथे हिडिंबा टेकडीवर वाकाटक काळाचं विटांचं उत्खनन आहे, फारसं कोणी थांबत नाही पण दीड हजार वर्षांपूर्वी इथे राजधानी होती असं मानलं जाते. मग रामटेक. गडावर मंदिराच्या बऱ्यापैकी जवळपर्यंत गाडी जाते, सासूबाईंना थोड्याच पायऱ्या लागतील. रामाच्या मंदिराकडे जाताना नरसिंहाची दोन जुनी मंदिरं आहेत, रुद्र नरसिंह अन् केवल नरसिंह, पाचव्या शतकातली. केवल नरसिंहातला शिलालेख प्रभावती गुप्तेच्या घराण्याचा, चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी, वाकाटकांची राणी, नवरा वारल्यावर मुलं लहान असताना राज्य तिनं चालवलं. मोठ्या वराहाच्या पोटाखालून लोक सरपटत जातात, मुलं जातीलच. कालिदासाचं स्मारक तिथेच. मेघदूतातला रामगिरी हाच असं मानलं जाते, आषाढात वर उभं राहिलं की पटते. हातात प्रसादाची पिशवी उघडी ठेवू नका, माकडं फार आहेत.

दुपारी खिंडसी तलावावर जेवून सिल्लारी. बस.

वर्धेकर_पक्का

वर्धा रोडचं मी सांगतो. पवनार आधी लागतं, वर्ध्याच्या आठेक किलोमीटर अलीकडे, मग वर्धा, मग सेवाग्राम, म्हणजे त्याच क्रमानं करा. नागपूरपासून एकूण पंच्याहत्तर किलोमीटरच्या आसपास, सकाळी निघून संध्याकाळी परत.

पवनारला धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम आहे, ब्रह्मविद्या मंदिर, १९५९ पासून तिथे बहिणी सामूहिक श्रमजीवन जगतात, शेती, सफाई, स्वयंपाक सगळं स्वतः. विनोबा जमीन खणत असताना सापडलेलं भरत-राम भेटीचं शिल्प तिथे प्रार्थनेच्या जागी आहे, वाकाटक काळातलं. तुमच्या सासूबाईंचे वडील भूदानात चालले होते असं तुम्ही लिहिलंत, तर तिथल्या ज्येष्ठ बहिणींना ते नक्की सांगायला लावा. भूदानात चाललेल्या माणसाच्या मुलीला भेटून त्यांना आनंद होईल आणि सासूबाईंनाही असं काही ऐकायला मिळेल जे कोणत्याच पुस्तकात नाही. घाईत जाऊ नका, तासभर तरी ठेवा.

सेवाग्रामला गांधीजी १९३६ मधे राहायला आले, तेव्हा गाव शेगाव म्हणून ओळखलं जायचं. आदी निवास, बा कुटी, बापू कुटी सगळं मातीचं, कुडाचं, बांबूचं, शेणानं सारवलेलं. बापू कुटीत बसायची चटई, कंदील, आणि साप पकडून लांब सोडायचा पिंजरा आणि लाकडी चिमटा अजून ठेवलाय, हा पिंजरा मुलांना दाखवा. साप मारायचा नाही हे नुसतं बोलायचं नव्हतं, त्यासाठी सामान तयार होतं. संध्याकाळची प्रार्थना पिंपळाखाली होते, थांबता आलं तर थांबा.

जेवण तिथे साधं मिळतं, कमी तिखट, सासूबाईंना अगदी चालेल. वर्ध्यातलं लक्ष्मीनारायण मंदिर पण बघा, जमनालाल बजाज यांनी १९२८ मधे दलितांना खुलं केलेलं. आणि गोरसपाक घ्या, गाईच्या तुपातला खुसखुशीत, गोरस भांडारात मिळतो, तो आमच्या वर्ध्याचा. संत्रा बर्फी घेतलीत तरी हा घ्याच.

तोतलाडोह

मी सगळ्यांचं वाचलं पण एक वेगळं मत मांडतो. वाघ बघायचा असेल तर मे महिन्यातच यायला पाहिजे, जंगल उघडं पडलेलं असते, पाणवठ्यावर बसून राहा, दिसतोच. सकाळची सफारी साडेनवापर्यंत संपते, मग दिवसभर कुलरमधे झोपायचं, कैरीचं पन्हं प्यायचं, संध्याकाळी परत. नागपूरचा उन्हाळा बाहेरच्यांनी एकदा तरी अनुभवावा, वाळ्याच्या ताट्यांचा वास, रात्री गच्चीवर अंथरुण. आंबे असतात, टरबूज असते.

धंतोली_जुना

भाऊ, तुझं पटते मला, मी पण उन्हाळ्याचाच माणूस आहे. पण ६८ वर्षांच्या बाईंना अन् तिसरीतल्या पोराला मे मधे बोलावू नको. दुपारी बारा ते पाच बाहेर निघणं म्हणजे सरळ लू लागून घेणं, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर आम्हीच निघत नाही. रामटेकचे दगड तापलेले असतात, अनवाणी पाय ठेवता येत नाही. नवरा-बायको दोघंच येतील तेव्हा मे मधे यावं.

सावजीचं राहून गेलं ताई. हलबा-कोष्टी विणकर समाजाची ही रांधायची पद्धत, मसाला भाजून काळा केलेला, खोबरं, खसखस, दगडफूल, जवस, वरून तेलाचा तवंग. मटण, खूर, सुंदरी (म्हणजे आतडी) अन् ज्वारीची भाकर. पहिल्या घासाला तिखट लागत नाही, चौथ्या-पाचव्या घासाला कानातून धूर निघते. नवऱ्याला सांगा पहिल्या दिवशी रात्री खाऊ नका, दुसऱ्या दिवशी पहाटे सफारी असेल तर तर अजिबात नाही, दुपारी खा अन् वरून ताक प्या. भोजनालय साधं बघा, जिथे दुपारी एक वाजता लोक बाहेर उभे असतात. सासूबाईंना तिथे नेऊ नका, स्वयंपाक एकाच ठिकाणी असते.

यायचं म्हणाल तर पुण्याहून आता अजनीपर्यंत (नागपुरातलंच स्टेशन) वंदे भारत आहे, ऑगस्ट २०२५ पासून, दिवसभराची गाडी आहे, मुलांसोबत ट्रेनच बरी. समृद्धीनं यायचं तर संभाजीनगरपर्यंत नेहमीचा रस्ता अन् पुढे समृद्धी. रस्ता सुंदर आहे पण सरळसोट, डोळा लागते, दर दीड-दोन तासांनी थांबा, टायर जुने असतील तर बदलून निघा, हवा तपासा, पेट्रोल अन् खायचं सोबत ठेवा. रात्री चालवू नका.

महालची_पोर

डिसेंबर झाला की एकदा पोळ्याला पण या हो ताई, ऑगस्ट-सप्टेंबरमधे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लहान मुलं लाकडी नंदीबैल सजवून घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागायला जातात, आणि त्याच दिवशी मारबत. काळी मारबत आणि पिवळी मारबत, बांबू-कागदाच्या भल्या मोठ्या बायका, सोबत बडगे, त्या वर्षी लोकांना ज्याचा ज्याचा राग आलाय त्याचे पुतळे, महागाई, भ्रष्टाचार, रोगराई. इतवारीत दोघी समोरासमोर येतात आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खं गाव रस्त्यावर. १८८० च्या दशकापासून चालू आहे आणि हे आमच्या नागपूरचं खास आहे. आमच्या गॅलरीतून मिरवणूक दिसते, मी लहानपणापासून शाळेपेक्षा मारबतीची जास्त वाट बघायचे. पाऊस असतो, छत्री उघडायला जागा नसते, रेनकोट आणा.

मुठाकाठची (पुणे)

तर असं ठरवतेय: सोमवारी सकाळी पोचून त्याच दिवशी अजब बंगला आणि फुटाळा, मंगळवारी दीक्षाभूमी, महाल-इतवारी आणि दुपारी सावजी (फक्त नवरा आणि मुलगी, मी आणि सासूबाई वडाभात), बुधवारी मनसर-रामटेक करून सिल्लारीला मुक्काम, गुरुवारी पहाटे सफारी आणि परत, शुक्रवारी पवनार-सेवाग्राम, रात्री परतीचा प्रवास. चालेल? सासूबाईंना बापू कुटीच्या पिंपळाखालची प्रार्थना हवीच आहे.

सिल्लारी_फाटा

क्रम एकदम बरोबर आहे. फक्त बुकिंग करताना त्या दिवशी ते गेट चालू आहे ना ते पोर्टलवर पाहून घ्या, प्रत्येक गेटचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस वेगळा असू शकतो. सकाळच्या सफारीला गेटवर अर्धा तास आधी पोचा अन् मुलांना पोटभर खाऊ घालू नका, परत आल्यावर नाश्ता. जिप्सीत पांघरायला मुक्कामाच्या ठिकाणचं घोंगडं मागून न्या, देतात.

धंतोली_जुना

ताई सोमवारी अजब बंगला बंद असते! सोमवारी रमण विज्ञान केंद्र अन् फुटाळा करा, अजब बंगला मंगळवारी दीक्षाभूमीनंतर ठेवा, तिथून महालला रिक्षानं वीस मिनिटं. आणि शुक्रवारी प्रार्थनेला थांबणार असाल तर रात्रीची ट्रेन नागपूरहून न पकडता सेवाग्राम किंवा वर्धा स्टेशनवरून पकडा, मुंबई-पुण्याकडच्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात, सामान गाडीतच ठेवा म्हणजे नागपूरला परत यायचं कामच नाही.